प्रत होती, तरीही बाजार थांबला

सकाळी 9.15. बुधवार, 24 फेब्रुवारी 2021. मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे व्यवहार सुरू झाले. दुसऱ्या दिवशी फ्युचर्स-ऑप्शन्सच्या मासिक करारांची मुदत संपणार होती, त्यामुळे सौदे उरकायची घाई होती. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुख्य केंद्रातली माहिती जवळच्या पर्यायी केंद्रातही उतरत होती. मधल्या लिंक दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या होत्या. गोव्याच्या पेडणे तालुक्यात, हरमलच्या गेस्ट हाउसवाल्याने किंवा तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजकाने फायलींसाठी दोन सर्व्हर घ्यायचं म्हटलं, की विक्रेता हेच चित्र छोट्या आकारात काढून दाखवतो. म्हणून तो दिवस आपणही नीट बघायला हवा.

दहा वाजून काही मिनिटं. निफ्टी या निर्देशांकाचे आकडे हलेनासे झाले. सौदे मात्र होत राहिले.

आत काय बिघडलं होतं, ते एनएसईने महिन्याभराने सांगितलं. रस्त्यावरच्या खोदकाम-बांधकामामुळे लिंक अस्थिर झाल्याचं दोन्ही कंपन्यांनी कळवलं होतं. कंपन्या दोन होत्या, पण फटका दोघींनाही बसला. पेडण्यात रस्ता खणला की इंटरनेट जातं, हे आपल्याला सांगायला नको. पण लिंक जाणं हा खरा घात नव्हता. लिंक तुटली तर मुख्य केंद्रातल्या साठवण यंत्रणेने, म्हणजे सॅनने, एकटीने काम चालू ठेवायचं, अशी रचना होती. प्रत्यक्षात ती सॅनच सर्व्हरना मिळेनाशी झाली. तिच्यावर अवलंबून असलेल्या जोखीम व्यवस्थापन, क्लिअरिंग, निर्देशांक आणि देखरेखीच्या प्रणाली बंद पडल्या. संकटात आधार म्हणून ठेवलेल्या जोडणीतूनच संकट मुख्य केंद्रात शिरलं.

11.40. फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार थांबवले. 11.43 ला रोखीचा बाजारही थांबला. कोणाकडे किती मार्जिन आहे हे तपासता येत नसताना सौदे चालू ठेवणं फार धोक्याचं होतं. थांबवण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. उशीर झाला तो त्याआधी.

दुपार. चेन्नईत एनएसईचं आपत्कालीन केंद्र होतं, पण व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. दुसरा शेअर बाजार, बीएसई, चालू होता. सकाळी एनएसईवर घेतलेले शेअर संध्याकाळपर्यंत विकायचेच, अशा हिशेबाने बसलेले हजारो लहान गुंतवणूकदार पडद्याकडे बघत राहिले. बाजार पुन्हा केव्हा उघडेल, हे त्यांना कोणी सांगत नव्हतं.

सव्वातीन वाजून गेल्यावर घोषणा झाली: बाजार 3.45 ला उघडेल आणि 5 पर्यंत चालेल. तोवर अनेक दलालांनी ग्राहकांचे दिवसाचे सौदे बीएसईवर, मिळेल त्या भावाने मिटवून टाकले होते. 22 मार्चला बाजार नियामक सेबीने नियम घातला: महत्त्वाची प्रणाली बंद पडली तर 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि पुढच्या 45 मिनिटांत काम पुन्हा सुरू करायचं. 2023 मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने सेबीकडे एकूण 72.64 कोटी रुपये भरून हे प्रकरण मिटवलं.

हरमलात एवढे पैसे अडकलेले नसतात. तरी परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत सरकारकडे भरायचीच असते, आणि पासपोर्टच्या प्रती, बुकिंग, हिशेब हे सगळं त्याच सर्व्हरवर असतं. त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न जागा किती टीबी हा नको. मधली तार तुटली तर काय होईल, हे विचारावं. दोनच सर्व्हर असतील तर प्रत्येकाला दुसरा मेला असं वाटू शकतं. मग दोघेही फायली स्वीकारू लागतात आणि एकाच वहीच्या दोन वेगळ्या वह्या होतात. कोण चालू राहील हे ठरवायला तिसरा साक्षीदार लागतो. विंडोजच्या क्लस्टरमध्ये त्याला विटनेस म्हणतात. सेफ (Ceph) या साठवण प्रणालीत किमान तीन मॉनिटर ठेवायला सांगतात ते याचसाठी. हा तिसरा वेगळ्या विजेवर आणि वेगळ्या वाटेवर हवा. विंडोजच्या डीएफएस रेप्लिकेशन या प्रत-सुविधेवर मात्र सामायिक हिशेबाच्या फायली ठेवू नयेत. दोन ठिकाणी दोघांनी एकच फाइल बदलली तर ते एकाचीच ठेवतं. एकाच आवारात क्षणाक्षणाची प्रत ठीक आहे. दुसऱ्या गावी ठेवायची प्रत थोडी मागून जाणारी असावी. काही मिनिटांचं काम गेलं तरी चालेल, पण लिंक गेली म्हणून सगळं थांबायला नको.

एवढं केलं तरी तो बॅकअप होत नाही. 21 जून 2022 ला मध्यरात्री 12 ते 2 च्या दरम्यान गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर-निरीक्षण सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ऐन पावसाळ्यात, मोठ्या नद्यांवरच्या 15 ठिकाणांची माहिती ज्यात येते तो हा सर्व्हर. फायली कुलूपबंद झाल्या, बिटकॉइन मागितले गेले आणि जुन्या माहितीचा बॅकअप घेणं अशक्य झाल्याचं खात्याने तक्रारीत म्हटलं. अशा वेळी जोडीचा सर्व्हर कुलूपबंद फाइलचीच इमानेइतबारे प्रत करतो. म्हणून नेटवर्कपासून तोडून ठेवलेली एक प्रत वेगळी लागते, आणि तिच्यातून फायली परत काढून बघाव्या लागतात.

विक्रेत्याचे निम्मे पैसे राखून ठेवावेत. मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, कामाच्या वेळेत कोणाचीतरी फाइल उघडी असताना मधली केबल उपटायला लावावी. ती परत जोडली की मुख्य सर्व्हरची वीज काढावी. काम किती मिनिटं अडलं आणि कोणती फाइल बिघडली हे लिहून घ्यावं, मगच उरलेले पैसे द्यावेत.