दोन हात जाडीची भिंत

अंबाजोगाईतल्या आमच्या जुन्या घराची भिंत दोन हात जाड होती. लहानपणी मी तिच्या कोनाड्यात पाय दुमडून बसायचो. एवढी जाड भिंत कशी हलेल, असं आजोबा म्हणत. सगळा मराठवाडाच तसं मानत होता.

30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून गावं झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आमचं घर राहिलं. लातूरपलीकडे किल्लारी, सास्तूर जमीनदोस्त झाली. मी तेव्हा अभियांत्रिकीला होतो. तिथले ढिगारे पाहिले आणि जाडीवरचा विश्वास उडाला.

आमच्या आणि तिथल्या घरांची ती जाड भिंत एकसंध नव्हतीच. बाहेरून एक दगडी पडदी, आतून दुसरी, मध्ये माती आणि दगडांच्या चिपा. दोन्ही पडद्यांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद, म्हणजे लाकडी खणांवर पांढऱ्या मातीचा थर. गळू लागलं की आणखी माती. उन्हाळ्यात घर गार राहायचं, म्हणून त्या ओझ्याची कुणाला भीती वाटली नाही. वरून येणारं वजन अशी भिंत पिढ्यान्‌पिढ्या पेलते. आडवा हिसका बसला की पडद्या एकमेकींपासून सुटतात, भिंतीला पोट येतं आणि ती कोसळते. किल्लारीकडच्या कित्येक घरांत लाकडी खांब उभे होते, दगड त्यांच्या पायाशी पडले होते.

किल्लारी तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, पहिल्या विभागात होती. 2002 मध्ये हा परिसर तिसऱ्यात गेला.

त्याच 1993 साली भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामासाठी आयएस 13920 हे मानक निघालं. त्यात काँक्रीटच्या शिअर वॉलला, म्हणजे आडवा जोर पेलणाऱ्या भिंतीला, किमान जाडी सांगितली 150 मिलिमीटर, वीतभरही नाही! पण उभ्या आणि आडव्या सळया प्रत्येकी छेदाच्या किमान 0.25 टक्के हव्यात. जाडी 200 मिलिमीटरच्या वर गेली की सळयांच्या दोन जाळ्या. आडव्या जोराने भिंतीला तिरका तडा जातो, जोर उलटला की दुसरा, आणि भिंतीवर फुली उमटते. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. तडा रुंदावू न देण्याचं काम सळई करते. साइटवर मी दोन्ही जाळ्या कड्यांनी एकमेकींना बांधून घेतो. आमच्या घरात आरपार दगडाने हेच करायला हवं होतं.

तुमचं घर अजून माळवदाचं असेल, तर यंदा नवी माती चढवण्याआधी जुनी उतरवा आणि जाणत्या गवंड्याकडून भिंतीत आरपार दगड बसवून घ्या.