फेरो बेटांवरील गोवराची साथ आणि शरीराची स्मृती

स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या दरम्यानच्या फेरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ येऊन गेली आणि पुढची ६५ वर्षे हा रोग तेथे फिरकला नाही, कारण बेटांचा व्यापार डेन्मार्कच्या राजसत्तेच्या मक्तेदारीत असल्याने बाहेरची जहाजे तेथे क्वचितच लागत. मार्च १८४६ मध्ये कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर गोवर पुन्हा उतरला आणि काही महिन्यांत ७,७८२ रहिवाशांपैकी सुमारे ६,००० जण आजारी पडले.

डॅनिश सरकारने पाठवलेला तरुण डॉक्टर पेटर लुडविग पानुम गावोगाव हिंडला आणि कोण कोणाच्या संपर्कात कधी आला, याच्या तारखा त्याने बारकाईने टिपल्या. त्योर्नुविक गावचे दहा पुरुष ४ जून रोजी एकाच होडीतून देवमाशांच्या शिकारीला गेले होते. १८ जून रोजी त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. अशा अनेक नोंदींवरून संसर्ग आणि पुरळ यांत तेरा-चौदा दिवसांचे अंतर असते, हे त्याने दाखवून दिले. त्याहून मोलाची नोंद वृद्धांची होती: १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेल्या ९८ म्हाताऱ्यांना तो स्वतः भेटला, आणि त्यांच्यापैकी एकालाही गोवर झाला नाही, बालपणी जे साथीतून सुटले होते, ते वृद्ध मात्र आता आजारी पडत होते.

रोगजंतू आणि प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला नेमके ओळखून चिकटणारी रक्तातील प्रथिने, या दोन्ही गोष्टी तेव्हा अज्ञात होत्या. तरीही पानुमच्या नोंदींत प्रतिकाराची दोन्ही रूपे उमटली आहेत. पहिल्याच गाठीच्या वेळच्या प्राथमिक प्रतिसादात गोवराच्या विषाणूला ओळखणाऱ्या लसिकापेशी मूठभरच असतात, त्यांची संख्या वाढून प्रतिपिंडे तयार होण्यास आठवडा किंवा अधिक काळ लागतो आणि तोवर विषाणू सर्वांगात पसरतो. गोवराचे पुरळ हे बरेचसे या उशिरा पोहोचलेल्या प्रतिकाराचेच लक्षण होय. मात्र त्या लढ्यानंतर दीर्घायुषी स्मृतिपेशी मागे उरतात, अस्थिमज्जेतील काही पेशी वर्षानुवर्षे प्रतिपिंडे स्रवत राहतात, आणि पुन्हा गाठ पडताच अधिक घट्ट चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचा भरपूर पुरवठा थोड्याच दिवसांत होतो. हाच दुय्यम प्रतिसाद. मध्यंतरी गोवर बेटांवर आलाच नसल्याने ही स्मृती पुनःसंपर्काशिवायही आयुष्यभर टिकते, हे फेरोइतके स्वच्छपणे क्वचितच कोठे दिसले असेल.

घटसर्पाच्या विषावर काम करणाऱ्या ग्लेनी आणि स्यूडमर्सन यांनी १९२१ मध्ये प्रतिपिंडे मोजून या दोन प्रतिसादांतील फरक प्रयोगाने दाखवला. भारतात बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात घटसर्पाची लस टोचल्यानंतर दीड वर्षाच्या सुमारास आणि पुन्हा पाच-सहा वर्षांचे असताना जो वर्धक डोस दिला जातो, त्याचा आधार हाच दुय्यम प्रतिसाद आहे. गोवराची दुसरी मात्रा मात्र मुख्यतः पहिल्या मात्रेने ज्यांच्यात प्रतिकार जागलाच नाही, त्यांच्यासाठी असते.