पहिल्या उड्डाणापूर्वीं

लातूर समुद्रसपाटीपासून नांदेडपेक्षां अडीचशे मीटरांहून अधिक उंच आहे. मोटारीनें जाणाऱ्यास हा चढ फारसा जाणवत नाहीं. धुक्यांत विमान उतरविणाऱ्यास मात्र तो उंचीमापकाच्या कांट्यावरूनच ओळखावा लागतो. तें यंत्र वस्तुतः हवेचा दाब मोजतें, आणि स्थानिक दाबाशीं जुळविलेलें नसलें तर निमूटपणें खोटें सांगतें. वेगमापकाचीही तीच गत. १९९६ सालीं डोमिनिकन प्रजासत्ताकाजवळ एक विमान समुद्रांत कोसळून १८९ माणसें दगावलीं. वेगमापकाच्या नळींत कुंभारीण माशीनें घर केलें असावें, असा तर्क चौकशींत निघाला.

कारखान्यांतून आलेल्या विमानावरून निदान अनेकांची नजर फिरलेली असते. घरीं बांधलेल्या विमानांत बहुतेक तारा एकाच हातच्या, आणि आपल्या हातची चूक आपल्याच डोळ्यांस सहसा दिसत नाहीं.

कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईंत, कांदिवलीच्या चारकोप भागांत, घराच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. पुढें एकोणीस आसनांचें विमान करून लहान शहरें जोडावींत, हा त्यांचा मनोदय. नांदेड-लातुरांस त्याचें अगत्य वाटावें तें यामुळेंच. फेब्रुवारी २०१६ मध्यें वांद्रे-कुर्ला संकुलांतील प्रदर्शनांत तें विमान लोकांनीं पाहिलें. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्यें. उड्डाणाची परवानगी मिळावयास ऑक्टोबर २०१९ उजाडला. दिरंगाईचा दोष सरकारास दिला गेला, व तो बराचसा रास्तच होता. तथापि कागद पुरे झाले म्हणजे यंत्रें खरीं बोलूं लागतात असें नव्हे.

अशा विमानाची तपासणी जमिनीवरच होते. इंजिन, दिवे व रेडिओ चालू ठेवून तें एकेका ज्ञात दिशेकडे वळवितात, कारण तारांतील प्रवाहानें होकायंत्राची सुई ढळते. प्रत्येक दिशेची चूक पत्रकावर लिहून तें वैमानिकासमोर लावतात. मग धावपट्टीवर धांव. वेगमापकाचा कांटा वेळेवर हलला नाहीं, तर पट्टी शिल्लक आहे तोंवरच इंजिन मंद करून थांबावयाचें असतें. वर्षानुवर्षें ज्या क्षणाची वाट पाहिली, तोच क्षण स्वतःच्या हातानें पुढें ढकलणें बांधणाऱ्यास सर्वांत जड जातें.

यादवांच्या विमानाच्या उड्डाण-चाचण्या २०२० सालीं धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या.