मस्तगडची कचेरी

घरपट्टी भरण्यासाठी किंवा जन्माच्या दाखल्यासाठी नगरपालिकेची पायरी चढला नाही असा गृहस्थ नवीन जालन्यातील आपल्या समाजबांधवांत विरळाच. परंतु जेथे ही कचेरी थाटली गेली ती मस्तगडची वास्तू कोणी बांधली, असे विचारले असता बहुतेक जण गप्प बसतात. म्हणून हा अल्पसा लेखप्रपंच.

इ. स. १७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याच्या रणांगणावर निजामउल्मुल्क आसफजाह याने मुबारिजखानाचा पराभव करून दक्षिणेची सत्ता हस्तगत केली. ते गाव येथून फार लांब नाही. पुढच्याच वर्षी, १७२५ मध्ये, त्याच्या आज्ञेवरून काबिलखानाने जालन्याच्या पूर्वेस किल्ला उभारला. नवे राज्य टिकवावयाचे तर ही भरलेली पेठ मुठीत हवी, असा हिशेब त्यामागे असावा, असे आम्हांस वाटते. किल्ल्याची बांधणी चौकोनी, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज. आतील गढी तीच मस्तगड. तीत मोठी विहीर असून तिच्या भोवती सज्जे व दालने काढलेली आहेत. आमच्या मते पाहण्याजोगे खरे स्थळ तेच!

तथापि किल्ल्याने गावास स्वास्थ्य लाभले नाही. १७२७ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या फौजांनी जालना व सिंदखेड हा मुलूख लुटला. १८०३ मध्ये असईच्या लढाईपूर्वी कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले. कालांतराने तोफा गेल्या आणि नगरपालिकेची दप्तरे आली. वापरात राहिली म्हणूनच वास्तू वाचली, असे आम्ही समजतो.

पाहण्यास जाणाऱ्याने कोणासही ‘मस्तगड’ विचारावे. सुट्टीचा दिवस टाळावा व आत शिरण्यापूर्वी महानगरपालिकेच्या (२०२३ पासून ती महानगरपालिका झाली आहे) अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. विहिरीजवळ मुलांचा हात सोडू नये.

गढीच्या बांधणीचे साल सांगणारा फारसी शिलालेख मात्र मुद्दाम शोधावा. निजामी अमलात शाळांतून उर्दू शिकलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीस ती लिपी तरी लावता येत असे. आज आपल्या घरांतून ती विद्या गेली. चुन्याचा एखादा हात फिरला की अक्षरेही बुजावयाची. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी त्याचे छायाचित्र घेऊन, फारसी जाणणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडून वाचून आणील, तर मंडळाने ते पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अवश्य छापावे.