हे बिल नव्हे

लहानपणी आमच्या मोहल्ल्यात पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असे. बऱ्याच घरांतले पुरुष कुवेतला नाहीतर दुबईला. पत्र आलं की बायका मला हाक मारायच्या. एकदा वाचून भागत नसे. पैसे किती, कोणाच्या हाती पाठवले, कशासाठी पाठवले, हे पुन्हा पुन्हा वाचावं लागे. पुढे मी मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. पण कागद नीट वाचायची सवय लागली ती तिथे.

काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीला लेकीकडे गेलो, तेव्हा ती सवय कामी आली. नातवाचा हात मोडून नुकताच बरा झाला होता. स्वयंपाकघरातल्या एका खणात विमा कंपनीची पाकिटं न उघडता पडली होती. मी एक उघडलं. आत आकड्यांचं कोष्टक आणि वर ठळक अक्षरांत एक वाक्य : 'हे बिल नव्हे.' मला गंमत वाटली. आपण कोण आहोत हे सांगायच्या आधी आपण कोण नाही हे सांगणारा कागद! तिकडे त्याला 'एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स' म्हणतात, थोडक्यात ई.ओ.बी. आपण त्याला लाभाचा खुलासा म्हणू.

लेकीला विचारलं तर म्हणाली, "अब्बा, हॉस्पिटलचं बिल आलं त्याच दिवशी भरून टाकलं मी. देणं डोक्यावर घेऊन झोपू नये, असं तुम्हीच सांगायचात ना?" तिनं भरले होते १,८०० डॉलर. खुलाशाच्या कागदावर तिचा वाटा होता ३०० डॉलर.

असं कसं झालं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

१९२९ साली टेक्सासमधल्या डॅलस शहरात बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार जस्टिन फोर्ड किंबल यांच्याकडे आला. ते पूर्वी तिथल्या शाळांचे अधीक्षक. थकलेल्या बिलांची यादी चाळताना त्यांना ओळखीची नावं दिसली, ती शिक्षकांची होती. मग त्यांनी योजना काढली : शिक्षकानं महिना ५० सेंट भरायचे आणि गरज पडली तर वर्षाला २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात उपचार घ्यायचे. पुढे 'ब्लू क्रॉस' या नावानं जे मोठं झाड झालं, त्याचं हे बी. या योजनेत पैसे घेणारं आणि उपचार करणारं रुग्णालय एकच होतं. दोघांतला व्यवहार, त्यात समजावून सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं.

तिसरा माणूस आला दुसऱ्या महायुद्धात. १९४२ साली अमेरिकेत पगारवाढीवर सरकारी बंधनं आली, पण आरोग्यविमा त्या बंधनांतून सुटला. कामगार टिकवायचे तर मालक पगाराऐवजी विमा देऊ लागले. १९५४ च्या करकायद्यानं मालकाच्या त्या हप्त्यावर कामगाराला कर नाही, हेही पक्कं केलं. म्हणजे उपचार एक करणार, पैसे दुसरा देणार, आणि आजारी पडणार तिसराच.

३० जुलै १९६५ रोजी मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी, माजी अध्यक्ष ट्रुमन यांना शेजारी बसवून, अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठीच्या 'मेडिकेअर'वर सही केली. पहिलं कार्डही ट्रुमन यांनाच दिलं. डॉक्टरांच्या खर्चाचा नियम असा होता : वर्षाचे पहिले ५० डॉलर रुग्णाचे, त्यापुढच्या वाजवी आकाराचे ८० टक्के सरकारचे, २० टक्के रुग्णाचे. वाचायला सोपं. पण डॉक्टरांनी मागितलेली रक्कम आणि 'वाजवी' ठरलेली रक्कम एकच असेल असं नाही. हा फरक घरी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला समजावणारा कागद लागणारच.

मला या इतिहासात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते १९७४ साल. त्या सप्टेंबरात अध्यक्ष फोर्ड यांनी 'एरिसा' या कायद्यावर सही केली. कायदा मुख्यतः निवृत्तिवेतनाचा, पण खासगी नोकरीतला आरोग्यविमाही त्यात आला. त्यात एक कलम आहे : दावा नाकारला तर नेमकी कारणं लेखी द्यायची, ती त्या माणसाला समजतील अशा भाषेत लिहायची, आणि निर्णयाचा न्याय्य फेरविचार मागायची संधीही द्यायची. भाषा समजेल अशी हवी, हे कायद्यात लिहिलेलं आहे! ते किती पाळलं जातं हा प्रश्न निराळा. पण नाही म्हणणाऱ्यानं कारण लिहून द्यायचं, हा हक्क लहान नाही.

पुढे विमा कंपन्या आपापली डॉक्टर-रुग्णालयांची यादी करून त्यांच्याशी आधीच दर ठरवू लागल्या. या यादीला नेटवर्क म्हणतात. त्यामुळे एका उपचाराच्या दोन किमती झाल्या : मागितलेली आणि मान्य. लेकीच्या कागदावर मागितलेली रक्कम होती १,८०० आणि मान्य ७००. मधले १,१०० नेटवर्कमधल्या रुग्णालयानं सोडायचे असतात, ते रुग्णाकडून घेता येत नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला आपल्या खिशातून भरायची जी ठरलेली रक्कम असते, ती डिडक्टिबल. त्यातले २०० तिचे उरले होते. राहिले ५००. त्यांचे २० टक्के, म्हणजे १००, तिचा वाटा. याला को-इन्शुरन्स म्हणतात. दर भेटीला ठरावीक रक्कम द्यायची असेल तर तो को-पे. असे तिचे ३००, कंपनीचे ४००.

विम्याचा तपशील रुग्णालयाकडे नीट पोचला नव्हता म्हणून पहिलं बिल सगळ्या रकमेचं निघालं होतं, आणि लेकीनं ते इमानदारीनं भरलं. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो. बिल एका बाजूला, खुलासा दुसऱ्या बाजूला. नाव, उपचाराची तारीख, डॉक्टर, एकेक ओळ जुळवली. तळाशी बारीक अक्षरांत खुणेचे आकडे आणि त्यांचे अर्थ असतात, तेही वाचले. मग तिनं दोन्ही कागदांच्या प्रती जोडून रुग्णालयाला पत्र लिहिलं. काही महिन्यांनी १,५०० डॉलर परत आले.

हात मोडल्याचा दावा नाकारला गेला नव्हता, म्हणून आमचं काम पत्रावर भागलं. नाकारला असता तर तिच्यासारख्या नोकरीतल्या विम्यात कंपनीकडे फेरविचार मागायला निदान १८० दिवस मिळतात. २०१० च्या कायद्यानं बहुतेक योजनांत त्याही पुढे, वैद्यकीय कारणावरून दावा नाकारला असेल तर, बाहेरच्या तटस्थ परीक्षकाकडे जाता येतं. आणि २०२२ पासून, तातडीच्या वेळी नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयात जावं लागलं तरी रुग्णाकडून नेटवर्कमधल्या वाट्याहून जास्त मागता येत नाही. मात्र रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेला हे संरक्षण लागू नाही. असे सगळे हक्क त्या न उघडलेल्या पाकिटाशीच सुरू होतात, कारण मुदतीही तिथूनच मोजल्या जातात.

परत निघताना लेक म्हणाली, "म्हणजे अब्बा, तुमची शिकवण चुकीची होती?" मी म्हटलं, "नाही बेटा, अर्धीच सांगितली होती मी. देणं ठेवू नये, हे खरं. पण देणं किती आहे ते आधी वाचावं."

आता ती पाकिटं खणात जात नाहीत. आली की उघडते, बिलाची वाट बघते आणि दोन्ही जुळल्यावरच पैसे भरते. शंका आली की रात्री मला फोन येतो. मी चष्मा लावतो आणि म्हणतो, "हं, वाच. पहिल्या ओळीपासून."

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)