संशोधनासाठी अवयव व ऊतकदान

संशोधनासाठी अवयव व ऊतकदान म्हणजे एखाद्या व्यक्तीने मरणोत्तर, किंवा हयातीत शस्त्रक्रियेच्या वेळी, आपले अवयव, ऊतके अथवा संपूर्ण शरीर वैद्यकीय अभ्यासासाठी स्वेच्छेने देणे होय. प्रत्यारोपणासाठीच्या अवयवदानाचा लाभ ठरावीक रुग्णांना तात्काळ होतो. संशोधनासाठीच्या दानाचा लाभ रोगाचे ज्ञान, नवी औषधे व सुधारित शस्त्रक्रिया या रूपाने, बहुधा अनेक वर्षांनी आणि दात्याला वा त्याच्या कुटुंबाला अपरिचित असलेल्या लोकांना होतो.

प्रकार

या दानाचे सामान्यतः चार प्रकार मानले जातात.

१. देहदान : संपूर्ण शरीर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला दिले जाते. त्याचा मुख्य उपयोग अध्यापनासाठी होतो. तथापि शस्त्रक्रियेच्या नव्या पद्धतींचा अभ्यासही त्यावर केला जातो.
२. विशिष्ट अवयवाचे दान : मेंदू, डोळे, स्वादुपिंड, फुफ्फुस इत्यादी अवयव त्या त्या विषयाच्या संशोधन संस्थेला दिले जातात.
३. प्रत्यारोपणास अयोग्य ठरलेले अवयव : प्रत्यारोपणासाठी काढलेला अवयव वैद्यकीय कारणाने वापरता आला नाही, तर कुटुंबाच्या संमतीने तो संशोधनासाठी दिला जाऊ शकतो.
४. शस्त्रक्रियेत काढलेली ऊतके : कर्करोगाची गाठ किंवा तपासणीसाठी घेतलेला तुकडा यांचा निदानानंतर उरलेला भाग रुग्णाच्या संमतीने ऊतकपेढीत जतन केला जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशी पेढी आहे.

इतिहास

शरीरविच्छेदनासाठी मृतदेह मिळवणे ही दीर्घकाळ युरोपातील वैद्यकीय शिक्षणापुढील मोठी अडचण होती. इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये थडग्यांतून प्रेते चोरून विकली जात. एडिनबरो येथे १८२८ मध्ये बर्क व हेअर यांनी प्रेते विकण्यासाठी खून केल्याचे उघडकीस आले. त्यानंतर १८३२ मध्ये ब्रिटिश संसदेने शरीररचनाशास्त्र कायदा केला आणि कोणी ताब्यात न घेतलेले मृतदेह वैद्यकीय शाळांना देण्याची सोय झाली. व्यवहारात याचा भार गरिबांवर पडला, कारण अनाथालयांत व रुग्णालयांत निराधार मरणाऱ्यांचेच देह विच्छेदनासाठी जात. त्याच वर्षी निधन पावलेले तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी मात्र आपल्या इच्छापत्राद्वारे देह विच्छेदनासाठी दिला होता. स्वेच्छेने केलेल्या देहदानाचे हे आरंभीचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

भारतात पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात मानवी शवाचे विच्छेदन केले. आधुनिक वैद्यकीय शिक्षणाच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची मानली जाते. इंद्राच्या वज्रासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची पुराणकथा भारतीय परंपरेत सुपरिचित आहे. देहदानाचा प्रचार करणाऱ्या अनेक संस्थांनी त्यांचेच नाव घेतले आहे.

संशोधनातील उपयोग

प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळालेले निष्कर्ष माणसाला नेहमीच लागू पडत नाहीत. शिवाय मेंदू, स्वादुपिंड यांसारख्या अवयवांतील नमुने जिवंत रुग्णाकडून सहज घेता येत नाहीत. त्यामुळे काही प्रश्नांची उत्तरे दान केलेल्या मानवी ऊतकांतूनच मिळू शकतात.

मेंदू : अल्झायमर व पार्किन्सन या रोगांचे निश्चित निदान आजही मेंदूच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीनेच होते. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात ६७८ कॅथलिक जोगिणींनी मरणोत्तर मेंदूदानास संमती दिली. हयातीत त्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या दरवर्षी घेतल्या जात. त्यांपैकी एक जोगीण १०१ वर्षे जगली आणि तिची बुद्धी अखेरपर्यंत तल्लख होती. परंतु तिच्या मेंदूत अल्झायमरची लक्षणे विपुल आढळली. रोगाच्या खुणा असूनही काही व्यक्तींची बुद्धी शाबूत कशी राहते, या प्रश्नाला अशा निरीक्षणांनी चालना दिली. स्मृतीच्या अभ्यासात ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे हेन्री मोलायसन यांची १९५३ मधील मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवण्याची क्षमता गेली होती. २००८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून जतन करण्यात आले.

स्वादुपिंड : पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर हल्ला करते. फ्लॉरिडा विद्यापीठाच्या पुढाकाराने २००७ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात मधुमेही अवयवदात्यांची स्वादुपिंडे गोळा करून जगभरातील संशोधकांना पुरवली जातात. रोग जडून अनेक वर्षे लोटल्यावरही काही रुग्णांत इन्सुलिन तयार करणाऱ्या थोड्या पेशी उरतात, याचे पुरावे या दानातून मिळाले. कॅनडातील एडमंटन येथे जेम्स शपिरो व सहकाऱ्यांनी २००० मध्ये सात रुग्णांवरील उपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला. मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून वेगळ्या केलेल्या पेशीपुंजांचे रोपण केल्यावर या साऱ्यांची इन्सुलिनची इंजेक्शने थांबली होती.

डोळा : प्रत्यारोपणास अयोग्य ठरलेल्या नेत्रांवर नेत्रशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण व संशोधन होते. ब्रिटनमध्ये हरमिंदर दुआ व सहकाऱ्यांनी संशोधनासाठी दिलेल्या ३१ पारपटलांमध्ये हवेचे बुडबुडे सोडून त्यांचा अभ्यास केला. पारपटलात यापूर्वी वेगळा न ओळखलेला एक अतिशय पातळ व चिवट थर असल्याचे त्यांनी २०१३ मध्ये मांडले.

प्रत्यारोपण : नाकारलेल्या अवयवांवरील प्रयोगांतून प्रत्यारोपणाचे तंत्र सुधारते. बर्मिंगहॅम येथील एका अभ्यासात ब्रिटनमधील सर्व केंद्रांनी नाकारलेली ३१ यकृते यंत्राद्वारे शरीराच्या तापमानाला रक्तपुरवठा करून तपासण्यात आली. त्यांपैकी २२ प्रत्यारोपणास योग्य ठरली व रुग्णांना देण्यात आली. न्यू यॉर्क येथे २०२१ मध्ये रॉबर्ट माँटगोमेरी यांच्या पथकाने मेंदूमृत व्यक्तीच्या शरीराला जनुकीय बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड जोडले आणि ते ५४ तास कार्यरत राहिले. २०२३ मध्ये अशाच प्रयोगाचा कालावधी ६१ दिवसांपर्यंत गेला. दोन्ही वेळी मृताच्या कुटुंबाने संमती दिली होती.

जनुकांचे कार्य : अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पात सुमारे ९५० मृत दात्यांच्या ५४ प्रकारच्या ऊतकांचा अभ्यास झाला. एकच जनुक यकृतात, हृदयात किंवा मेंदूत वेगवेगळ्या प्रमाणात कसे कार्य करते, याची माहिती त्यातून सर्वांसाठी खुली झाली. या दात्यांपैकी बहुसंख्य युरोपीय वंशाचे होते. त्यामुळे इतर लोकसमूहांना हे निष्कर्ष कितपत लागू पडतात, हा प्रश्न शिल्लक राहतो. भारतातील दानाचे महत्त्व या दृष्टीनेही आहे.

भारतातील स्थिती

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला. प्रारंभी तो महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश ही राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांना लागू होता. या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली. त्यासाठी वैद्यकीय मंडळाला किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. २०११ च्या दुरुस्तीने ऊतकांचाही कायद्यात समावेश झाला. मात्र या कायद्याचा रोख उपचारासाठीच्या दानावर आहे. देहदान राज्यांच्या शरीररचनाशास्त्रविषयक कायद्यांखाली येते. महाराष्ट्रातील असा कायदा १९४९ चा आहे. संशोधनासाठी नमुने घेणे, साठवणे व इतरांना देणे यांबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे पाळली जातात.

बंगळूर येथील निम्हान्स या संस्थेत १९९५ मध्ये मेंदूपेढी सुरू झाली. तिच्या स्थापनेत चेताविकृतिशास्त्रज्ञ एस. के. शंकर यांचा पुढाकार होता. संस्थेच्या संग्रहालयात विविध रोगांनी ग्रस्त मेंदू जतन केलेले असून ते सामान्य नागरिकांनाही पाहता येतात.

मराठवाड्यात जन्मलेले समाजकार्यकर्ते नानाजी देशमुख आणि पश्चिम बंगालचे माजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांचे देह २०१० मध्ये, तर साम्यवादी नेते सीताराम येचुरी यांचा देह २०२४ मध्ये वैद्यकीय संस्थांना देण्यात आला. भिन्न विचारसरणीच्या या व्यक्तींच्या निर्णयांमुळे देहदानाची चर्चा समाजात पोहोचली.

प्रक्रिया व अटी

इच्छुक व्यक्ती सहसा हयातीत साक्षीदारांसमक्ष इच्छापत्र भरते. मृत्यूनंतर प्रत्यक्ष निर्णय जवळच्या नातेवाइकांच्या हाती असल्यामुळे त्यांना पूर्वकल्पना देणे आवश्यक ठरते. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते; मेंदूही शक्य तितक्या लवकर काढावा लागतो. काही संसर्गजन्य रोग असल्यास किंवा न्यायवैद्यकीय शवविच्छेदन झाल्यास देहदान बहुधा स्वीकारले जात नाही. नेत्रदानानंतर देहदान करता येते. इतर प्रमुख अवयव काढल्यावर मात्र महाविद्यालये देह सहसा घेत नाहीत.

नैतिक प्रश्न

संमतीविना घेतलेल्या ऊतकांचा इतिहास या क्षेत्राला वारंवार आठवावा लागतो. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतील पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेण्यात आल्या. ‘हेला’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिल्या आणि पोलिओच्या लशीच्या चाचणीसह असंख्य कामांत वापरल्या गेल्या. कुटुंबाला मात्र याचा पत्ता सुमारे दोन दशके नव्हता. लिव्हरपूलच्या एका बालरुग्णालयात मृत बालकांचे अवयव पालकांना न सांगता ठेवून घेतल्याचे १९९९ मध्ये उघड झाले. त्यातून ब्रिटनमध्ये २००४ चा मानवी ऊतक कायदा झाला आणि संमती हे त्याचे मूळ तत्त्व ठरले.

भारतातही बेवारस मृतदेहांवरील अवलंबित्व हा याच प्रश्नाचा भाग आहे, कारण अशा मृतदेहांबाबत मृताची इच्छा कळण्याचा मार्ग नसतो. स्वेच्छेने केलेल्या दानाचे प्रमाण वाढल्यास हे अवलंबित्व कमी होते. दात्याची ओळख गुप्त ठेवणे, नमुन्याचा उपयोग कशासाठी होणार हे समजेल अशा भाषेत सांगणे, संमती मागे घेण्याची मुभा देणे आणि अवशेषांची सन्मानाने विल्हेवाट लावणे या आज मान्य झालेल्या किमान अटी आहेत.

हेही पाहा

अवयवदान
देहदान
नेत्रदान
मेंदूमृत्यू
प्रत्यारोपण