घेटुळी (पुनर्नवा)

घेटुळी : (सं. पुनर्नवा, शोथघ्नी, ते. अटिकमामिडी, कुल – निक्टॅजिनेसी). बोऱ्हाविया डिफ्यूजा हे शास्त्रीय नाव लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले. गुलबक्षी व बोगनवेल याच कुलातील.

आढळ व वर्णन : आदिलाबाद जिल्ह्यात, तसेच यवतमाळ व किनवट भागांत बांधांवर, वाटांच्या कडेला उगवणारे तण. वेल उन्हाळ्यात वाळतो. जाड मूळ जमिनीत तग धरते व पहिल्या पावसाबरोबर फुटते. पाने समोरासमोर, पण जोडीतले एक मोठे, एक लहान. खालची बाजू पांढुरकी. फुले बारीक, गुलाबी-जांभळी. फळ चिकट असून शेरडांच्या केसांना व धोतराला चिकटून दूरवर जाते.

खापरा (ट्रायअँथिमा) ही निराळ्या कुलातील वनस्पतीही पुनर्नवा म्हणून विकली जाते. तेलुगूत तिला गलिजेरू म्हणतात. तिची पाने मांसल, फुले पानांच्या बेचक्यात दडलेली. तिच्यात ऑक्झॅलेट बरेच असल्याने मूतखड्याच्या रुग्णाच्या दृष्टीने ही गल्लत किरकोळ नाही. आयुर्वेदाच्या संहितांतील श्वेत पुनर्नवा नेमकी कोणती, याविषयी मतभेद आहेत.

मूत्रपिंडावरील क्रिया : शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून कमी भरणाऱ्या मूत्रपिंडांतून हृदयाने फेकलेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा वाहतो. गाळलेल्या द्रवातील क्षार परत शोषणाऱ्या निकट नलिकांच्या पेशी तंतुकणिकांनी भरलेल्या असतात. मुक्त मूलकांचा पहिला तडाखा त्यांनाच बसतो. जेंटामायसिन हे प्रतिजैविक याच पेशींत साचते. ते टोचून मूत्रपिंड बिघडवायचे, सोबत घेटुळीच्या मुळाचे चूर्ण किंवा अर्क द्यायचा आणि रक्तातील क्रिएटिनीन व यूरिया मोजायचे, ही प्रयोगशाळांची ठरलेली रीत. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात पांढऱ्या उंदरांवर असा प्रयोग झाला. त्यावरील निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. इजा कमी झाल्याचे त्यात दिसले. घेटुळीतील बोएराव्हिनोने व फिनॉलिक द्रव्ये यांना प्रतिऑक्सिडीकारक गुणाचे श्रेय दिले जाते.

मात्र औषध इजेच्या आधीपासून वा इजेसोबतच दिलेले असते. रुग्ण येतो तो मूत्रपिंड निकामी होऊ लागल्यावर. प्रयोगशाळेतील आशा रुग्णात खरी ठरेलच असे नाही. वनस्पतिज ओलिअ‍ॅनोलिक अम्लापासून बनवलेले बार्डोक्झोलोन हे औषध पेशींची प्रतिऑक्सिडीकारक यंत्रणा जागवते, म्हणून त्याच्याविषयी मोठ्या आशा होत्या. मधुमेही मूत्रपिंडरुग्णांवरील त्याची मोठी चाचणी हृदयविकाराच्या घटना वाढल्याने २०१२ मध्ये थांबवावी लागली. घेटुळीची त्या तोडीची चाचणी झालेली नाही. शिवाय तिच्यात पोटॅशियमचे क्षार पुष्कळ. निकामी मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही व हृदयाचा ठोका बिघडू शकतो. डायलिसिसवरील रुग्णाने काढा परस्पर घेऊ नये.

आयुर्वेद : चरकसंहितेत वयःस्थापन गणात समावेश. सुजेवर पुनर्नवाष्टक काढा, पांडुरोगावर पुनर्नवा मंडूर.

इतर उपयोग : कोवळ्या पाल्याची भाजी करतात.